ऑक्सिजन वाढवा

मी मुळातला भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं मी शूर वाटलोच तर तो वाचणाऱ्याचा गैरसमज समजावा. वाटूरच्या आमच्या घरी वीज नव्हती तोवर मी विजेला भीत नव्हतो. औरंगाबादला जाऊन विजेच्या कामाचा डिप्लोमा केला आणि जन्मभराची धास्ती घेऊन परत आलो. बरोबरची पोरं शिकत गेली तशी धीट होत गेली. माझं उलटं झालं. कुठं काय बिघडू शकतं हे जसजसं कळत गेलं तसतशी माझी झोप उडत गेली.

अशा माणसाला जालन्यातल्या एका रुग्णालयानं यंत्रांचा प्रमुख नेमलं, हा विनोद माझ्या बायकोला पुढं कितीतरी वर्षं पुरला. घरात ती स्टो पेटवायची तेव्हा मी दोन पावलं मागं सरायचो. ती म्हणायची, साहेब, तुम्ही बाहेर जाऊन बसा, चहा झाला की बोलावते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. व्यापाऱ्यांच्या एका ट्रस्टनं गावाच्या कडेला काढलेलं ते रुग्णालय, साठ खाटांचं. आता मोठ्या इस्पितळांत या कामाचा वेगळा विभाग असतो, त्याला भारदस्त नाव असतं. आमचा विभाग म्हणजे स्वयंपाकघरामागची पत्र्याची खोली, एक लाकडी टेबल आणि भिंतीला ठोकलेली फळी. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'उपकरण पर्यवेक्षक' असं लिहिलं होतं. तो शब्द कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून मी 'मशीनवाले साहेब' झालो. हाताखाली दोघं. एक वायरमन, जो बहुतेक वेळ पाण्याच्या पंपापाशी अडकलेला असायचा, आणि दुसरे मिस्त्री.

मिस्त्री आष्टीचे. शेतीवाडी असलेल्या घरातले, पण भावांत पटलं नाही म्हणून जालन्याला आले आणि वीस वर्षं कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून राबले. माझ्या वयाच्या दुप्पट. साहेब मी, आणि तोही गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतून आलेला साहेब. पहिले आठ दिवस त्यांनी माझ्या डब्याजवळ आपला डबा उघडला नाही. नवव्या दिवशी ऑपरेशनची कापडं वाफेवर शुद्ध करायच्या पिंपाचा व्हॉल्व्ह अडकला. तो सोडवताना दोघांचेही हात भाजले आणि सिस्टरनं दोघांना एकाच डबीतलं मलम लावलं. त्या दुपारी मिस्त्री डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. त्याबद्दल ना ते कधी बोलले, ना मी.

सकाळी सातला माझी फेरी सुरू व्हायची. एक्स-रेचं यंत्र, भुलीचं यंत्र, घशातला कफ ओढून घ्यायचं यंत्र, ऑपरेशनच्या टेबलावरचा मोठा दिवा. प्रत्येक ठिकाणी लोखंडाला हात लावायच्या आधी मी हाताची पालथी बाजू पुढं करायचो, कारण झटका बसलाच तर मूठ मिटून वस्तू धरली जाऊ नये. मिस्त्री म्हणायचे, साहेब मशिनीकडून अत्तर लावून घेतात. वॉर्डातल्या आयाबायाही मग मला पाहिलं की हात पालथा करून दाखवायच्या. मी हसायचो, पण हात पालथाच ठेवायचो.

सगळ्यात जास्त भीती मला ऑक्सिजनच्या सिलिंडरची. औरंगाबादहून ट्रकनं येणारे, माणसाच्या उंचीचे, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या मानेचे. ते आडवे पडले तर काय होतं हे मी शिकलो होतो. त्यांच्या मानेवरचा व्हॉल्व्ह उघडायला एक लोखंडी चावी लागते. चाव्या मोजक्याच, आणि ऐन वेळेला त्या कुणाच्या तरी खिशात निघायच्या. म्हणून मी नियम केला: चालू सिलिंडरची चावी त्याच्या मानेलाच लटकत राहील, आणि सिलिंडर बंद केला की चावी आमच्या खोलीतल्या फळीवर येईल. फळीवर नजर टाकली की किती सिलिंडर चालू आहेत ते मला बसल्या जागी कळायचं. हा नियम मिस्त्रींनी एकदाही मोडला नाही. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

मग ते 'संपला'चं प्रकरण झालं. एका म्हाताऱ्याच्या खाटेजवळचा सिलिंडर रिकामा झाला. मिस्त्री वीस वर्षं जिनिंगच्या धडधडाटात बोललेले, त्यांना हळू बोलता येतच नसे. ते वॉर्डाच्या दारातून मला ओरडून म्हणाले, "साहेब, संपला." व्हरांड्यात म्हाताऱ्याच्या लेकीसुना बसल्या होत्या. त्यांनी एकदम हंबरडा फोडला. इकडं म्हातारा नाकात नळी घेऊन उठून बसला आणि कोण गेलं, कोण गेलं म्हणून विचारायला लागला. सगळा वॉर्ड हसला, मीही हसलो. पण म्हाताऱ्याच्या बायकोची दातखीळ बसली होती आणि ती व्हरांड्यातच कोसळली होती. तिला दोन दिवस त्याच्याच शेजारच्या खाटेवर ठेवावं लागलं. त्या दोन दिवसांत माझं हसू पार गेलं.

यावर उपाय मला माझ्या आईच्या बोलण्यात सापडला. धर्म बदलल्यावर आमच्या घरातले देव गेले होते, पण आईच्या तोंडातले शब्द गेले नव्हते. पीठ संपलं असं ती कधी म्हणाली नाही, पीठ वाढलं म्हणायची. तिच्या हातातली बांगडी फुटत नसे, वाढत असे. वाटूरच्या फाट्यावरचा दुकानदारसुद्धा सांजच्याला दुकान बंद करत नसे, वाढवत असे. जे तोंडातून काढायला नको वाटतं त्याला उलट्या बाजूनं हात लावायचा ही आपल्या बोलण्यातली जुनी रीत, आणि ती सगळ्या जातीधर्मांत होती. मी आमच्या दोघांना आणि आयाबायांना बोलावून सांगितलं की आजपासून वॉर्डात 'संपला' म्हणायचं नाही. सिलिंडर रिकामा झाला की वाढला म्हणायचं. बंद करून काढून न्यायचा असेल तर वाढवायचा म्हणायचं.

आयाबायांना ते फार आवडलं. मिस्त्री तर खूष झाले, म्हणाले, ह्ये बराबर, घरच्यासारखं. आठ दिवसांत सगळ्यांच्या तोंडी तो शब्द बसला आणि मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

त्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई तेव्हा महिनाभर पुण्याला गेल्या होत्या. त्या परत आल्या की त्यांना हे सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्या आल्या त्याच दिवशी कफ ओढायचं यंत्र बिघडलं आणि त्यांनी मला पेशंटांसमोर सडकून बोलून घेतलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आणि सांगायचं तरी काय होतं, तर माझ्या आईकडून उसना घेतलेला एक शब्द. त्या हसतील असं वाटलं. उद्या सांगू, परवा सांगू असं करत मी तीन आठवडे काढले. माझ्या भित्रेपणानं माझं नुकसान पुष्कळ केलं आहे, पण ते मी सोसलं. दुसऱ्याच्या जिवावर ते कधी बेतेल असं मला वाटलं नव्हतं.

आष्टीच्या पलीकडच्या एका खेड्यातून सहा वर्षांची एक मुलगी आणली होती. न्यूमोनिया. दोन दिवस गावातच काढे देण्यात गेले होते, आणली तेव्हा तिच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या. बाप एक दिवस राहून धाकट्या लेकराला पाहायला गावाकडं गेला होता. आई एकटीच तिच्याजवळ होती. खिडकीजवळची खाट, नाकात नळी, उशाशी सिलिंडर आणि त्याला जोडलेली पाण्याची बाटली. त्या बाटलीतून ऑक्सिजन बुडबुडत जातो. बुडबुडे दिसताहेत तोवर पेशंटला तो मिळतो आहे, हे आम्ही प्रत्येक नातेवाइकाला दाखवून ठेवायचो.

मुलगी आपल्या मुलखातली म्हणून मिस्त्रींचा तिच्यावर जीव. दिवसातून चार वेळा ते तिथं काहीतरी काम काढायचे. तिनं त्यांना विचारलं होतं की या काळ्या नळकांड्यात काय आहे, तर म्हणाले, तुमच्या शेतातली हवा भरून आणली. ती त्या सिलिंडरवर हात फिरवायची, गोठ्यातल्या बैलावर फिरवावा तसा. ज्या वस्तूला मी पालथ्या हातानंही शिवायला भीत होतो तिला ती पोर थोपटायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला जे झालं ते मी तुकड्यातुकड्यांनी नंतर जुळवलं. मिस्त्री तिच्या सिलिंडरचा वायसर, म्हणजे गळती अडवणारी चकती, पाहायला गेले होते. डॉक्टरीणबाई राउंडवर होत्या. मुलीचा श्वास पुन्हा चढला होता. त्या तिची छाती तपासत असतानाच बाळंतिणींच्या वॉर्डातून निरोप आला की एक बाई अडली आहे, ताबडतोब या. सिस्टर इंजेक्शन आणायला गेली होती, हे बाईंच्या ध्यानात नव्हतं. सिस्टर आपल्या मागंच आहे असं समजून, मागं न पाहता, जाता जाता त्या म्हणाल्या, "हिचा ऑक्सिजन वाढवा." मागं मिस्त्री उभे होते.

मी खोलीत हृदयाचा आलेख काढायच्या यंत्राची तुटलेली तार जोडत बसलो होतो. मिस्त्री आले. टेबलाच्या कोपऱ्याशी थांबून, त्यांना येत नसे तितक्या हळू आवाजात म्हणाले, "आष्टीकडच्या पोरीचा गॅस वाढवला. बाईनं सांगितलं." बाईंना आमचा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून मला वाटलं, तिचं दुखणं बळावलं असणार आणि त्यांनी जास्त सोडायला सांगितला असेल. वाईट वाटलं. मी बरं म्हणालो आणि तारेकडं पाहत राहिलो. मिस्त्री दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. तेही मी पाहिलं, आणि मला त्याचंही काही वेगळं वाटलं नाही.

पाच मिनिटं गेली असतील, सात गेली असतील. तार जोडून झाली. पक्कड ठेवायला मी फळीकडं वळलो तर फळीवर एक चावी जास्त होती. सकाळी पाहिलं तेव्हा दोन होत्या, आता तीन. मी मिस्त्रींना विचारलं, ही कोणाची. ते मान वर न करता म्हणाले, "त्याच सिलिंडरची. बंद केल्यावर चावी फळीवर आणायची, तुम्हीच सांगितल्तं न."

ती चावी उचलून मी पळालो.

ती खोली ते वॉर्ड हे अंतर फार नव्हतं. स्वयंपाकघर, बोअरिंगचा हातपंप, मग धुतलेल्या चादरी वाळत घातलेलं अंगण, मग व्हरांडा. त्या अंतरात माझ्या मनात काय काय आलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. पहिल्यांदा ती मुलगी आली नाही. पहिल्यांदा मी आलो. माझी नोकरी आली. त्या मुलीच्या गावची माणसं आली, बैलगाड्यांतून उतरणारी, आणि कोणी मारली पोरगी असं विचारणारी, आणि माझ्याकडं आणि माझ्या आडनावाकडं पाहणारी. वाटूरला माझा बाप कोणाच्या बांधावर कामाला जातो तेही आलं. चादरींमधून वाट काढताना एक ओली चादर तोंडावर आली आणि मला गुदमरल्यासारखं झालं. तेव्हा कुठं ती पोर आठवली. पडलो तर चावी कुठं जाईल, याच धाकानं मी पडलो नाही.

खाटेभोवती पडदा ओढलेला होता. तो आयाबाईनं ओढला होता, सिस्टर अजून परतली नव्हती. वॉर्डात खाटेला पडदा कधी ओढतात ते मला ठाऊक होतं. आत मुलीची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत होती. खोटं कशाला बोलू, तिनं आरडाओरडा केला नाही याचं मला त्या घटकेला बरं वाटलं. बाटलीतलं पाणी निपचित होतं. मुलीचे ओठ जांभळे पडले होते आणि छाती मधूनच वर यायची, मग बराच वेळ यायची नाही.

मी चावी व्हॉल्व्हवर बसवली. ती निसटली. पुन्हा बसवली, जोर लावला, पण व्हॉल्व्ह हलेना. जिनिंगच्या हातानं बंद केलेला तो व्हॉल्व्ह माझ्या हाताला दाद देईना. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात मागून एक हात आला, माझ्या हातावर बसला आणि दोघांनी मिळून चावी फिरवली. मिस्त्री माझ्या मागोमाग पळत आले होते. काय झालं ते त्यांना माझ्या पळण्यावरूनच कळलं होतं. सूं असा आवाज झाला, काटा वर चढला, बाटलीत एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग पाणी खळखळायला लागलं.

पण मुलगी तशीच होती. आम्ही दोघं तिच्या ओठांकडं पाहत उभे राहिलो. इतका घाबरलेला मी आयुष्यात त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. यंत्र बिघडलं तर काय करायचं ते मला येत होतं. यंत्र चालू झालं आणि माणूस चालू होईना, तर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मिस्त्री पोरीला पुटपुटत म्हणत होते, "ये बाई, ये बाई, जल्दी ये." किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग तिनं एक लांब श्वास घेतला, खोकली, आणि लगेच दुसरा घेतला. ओठांच्या कडेचा जांभळा रंग हळूहळू उतरला. आई तिच्याकडं पाहत होती आणि मग आमच्याकडं पाहायला लागली. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

डॉक्टरीणबाई अडलेल्या बाईला मोकळी करून हात पुसतच आल्या. पडदा पाहून पळत आल्या असणार, कारण त्यांना धाप लागली होती. मुलीला तपासलं, बाटली पाहिली, आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, हा कोणी बंद केला होता. मिस्त्री म्हणाले, "म्या." मी गप्प होतो. दोन श्वास घेण्याइतका वेळ मी गप्प होतो, आणि त्या दोन श्वासांची लाज मला अजून वाटते. मग मी बोललो. म्हणालो, त्यांनी नियम पाळला, नियम मी केला होता. आणि सगळं सांगितलं, म्हाताऱ्यापासून आईच्या पिठापर्यंत.

मिस्त्री मधेच म्हणाले की त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला होता. त्यांना वाटलं, पोरीत आता काही राहिलं नाही, आणि आईसमोर तसं बोलायला नको म्हणून बाईंनी ठरलेला शब्द वापरला. बाई त्या खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांचाही रंग उडाला होता. मला वाटलं आता फाडून खातील. त्यांनी एवढंच विचारलं, "हे मला का नाही सांगितलं?"

"भीत होतो," मी म्हणालो.

"मला?"

मी मान हलवली. त्या उठल्या आणि आपल्या हातानं पडदा बाजूला सारला. त्या दुपारी सगळ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं की ऑक्सिजन किती द्यायचा तो आकडाच बोलायचा, आणि ज्याला सांगितलं त्यानं तो आकडा परत म्हणून दाखवायचा. मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. मिस्त्रींनी चार दिवस डबा उघडला नाही.

मुलगी वाचली. आठवड्यानं नळी निघाली, भूक लागायला लागली, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागली. तिची आई मात्र मला व्हरांड्यात दिसली की हात जोडायची. तिला वाटत होतं, मी पळत येऊन पोरगी वाचवली. मी वाट बदलायला लागलो. वॉर्डात जायचं ते मागच्या दारानं.

घरी जायच्या दिवशी ती गाठोडं बांधून पायरीवर बसली होती, मुलगी शेजारी. नवरा एसटीची चौकशी करायला गेला होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. एवढंच म्हणालो की तुम्ही मला हात जोडू नका, त्या दिवशी पोरीची हवा माझ्या चुकीनं बंद झाली होती.

ती म्हणाली, "म्हाईत हाय, भाऊ. माझ्या डोळ्यादेखत तं बंद केली. बाई म्हणल्या वाढवा, आन् त्या बाबानं वाढवली."

मी विचारलं, मग तुम्ही ओरडला का नाहीत, कोणाला बोलावलं का नाही. ती माझ्याकडं पाहत राहिली, जणू मी आपल्या मुलखातला नव्हतोच.

"काहून बोलावू? वाढवा म्हणल्यावर मला वाटलं, सरलं सगळं. तीन रोज मी तिला सारखी हाका मारून राह्यले व्हते, जागी ऱ्हावं म्हणून. मंग हाका मारायच्या थांबले. म्हणलं, जाणारं लेकरू आईच्या हाकेत अडकू न्हाई."

मी खाली पायरीवर बसलो. बाईंचा तो शब्द त्या वॉर्डात सगळ्यांना एकसारखा कळला होता. मिस्त्रींना कळला, पडदा ओढणाऱ्या आयाबाईला कळला, या आईला कळला. आणि त्या शब्दावर भरवसा ठेवून ती आपल्या जित्या लेकराला मांडीवर घेऊन निरोप देत बसली होती, मी तिकडं तार जोडत होतो तेवढा सगळा वेळ.

ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ही आता रोज इचारून राह्यली, आई, तू मधीच गप काहून झाल्ती. मला आंधार लागला आन् तुझा आवाज बंद पडला. मी काय सांगू हिला?"

मी मुलीकडं वळलो. तिला हे सांगायलाही मी भ्यालो, सहा वर्षांच्या पोरीला. तरी सांगितलं, की तुझी आई गप झाली ती माझ्यामुळं. मी एक शब्द चुकीचा शिकवला होता, तो ऐकून तिला वाटलं की तू गेलीस.

मुलीनं ते ऐकून घेतलं. आईचा पदर ओढून म्हणाली, "मंग आता मार हाक."

आई म्हणाली, आता काय, तू तर इथंच बसली. मुलगी पदर सोडेना. शेवटी त्या बाईनं पोरीचं नाव घेऊन हाक मारली. पहिल्यांदा शेजारी ऐकू येईल एवढीच. तिनं पुन्हा मारली, शेतातून घराकडं मारावी तशी, लांबवून. व्हरांड्यातली माणसं वळून पाहायला लागली, स्वयंपाकघराच्या दारात मिस्त्री येऊन उभे राहिले. आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या त्या पोरीनं ओ दिली.